कडीच्या वर दोन फूट

आमच्या ह्यांचं नाव दशरथ रणपिसे. रेल्वेत तेहेतीस वर्षं नोकरी, त्यातली सव्वीस एकाच पुलावर. पुलावर म्हणजे अगदी पुलावरच. पावसाळ्याचे चार महिने पत्र्याच्या खोपटात बसायचं, नदी बघायची, पाणी किती चढलं ते फोनवर कळवायचं. माझा भाऊ चेष्टा करायचा, "प्रेमला, नदी पळून जाऊ नये म्हणून ठेवलंय गं तुझ्या नवऱ्याला." मी पोट धरून हसायचे. ह्यांना मात्र राग यायचा. बायकोची चेष्टा केलेली ह्यांना चालायची, पुलाची नाही.

पूल पुण्यात, संगमाच्या खाली, नदी मुंढव्याकडे वळते त्या अंगाला होता. इंग्रजांच्या काळात गोदामाकडे मालगाड्या न्यायला बांधलेला. घडीव काळ्या दगडाचे खांब, वर लोखंडी गर्डर, एकच रूळ. आम्ही सगळे गोदामाचा पूल म्हणायचो. मी लग्न होऊन घोरपडीच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा दिवसाला दोन गाड्या जायच्या, नंतर आठवड्याला एक, नंतर तीही नाही. पण ह्यांची ड्युटी चालूच. गाडी नसली म्हणून नदी थोडीच रजेवर जाते?

ह्यांना हे काम शिकवलं बद्रीनाथसाहेबांनी. पुलांचे इन्स्पेक्टर, शनिवार पेठेतले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि बोलणं असं की समोरच्याला आपण मूर्ख आहोत हे घरी पोहोचल्यावर कळावं. इतर साहेब ह्यांना हातभर लांबून फाइल द्यायचे. साहेब मात्र ह्यांच्या डब्यातली भाकरी मोडून खायचे, शेजारी बसून. आमच्यासारख्यांच्या घरात ही गोष्ट विसरली जात नाही. आमच्या भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्याखाली साहेबांसोबतचा ह्यांचा एक फोटो. मीच लावला होता तो, कबूल करते.

साहेबांची शिकवण एकच. "दशरथ, जमिनीवरून पाणी मोजायचं नाही. नदी गाळ आणते, नेते, जमीन रोज खोटं बोलते. नेहमी वरून मोज. बेडचा दगड हलत नाही." बेडचा दगड म्हणजे खांबाच्या डोक्यावरचा मोठा चौकोनी दगड, ज्याच्यावर गर्डर बसतो. पहिल्या खांबाच्या बेडवर साल कोरलेलं होतं, अठराशे एकोणनव्वद. त्या दगडापासून खाली किती फुटांवर पाणी, तेवढंच सांगायचं. हे घरातसुद्धा तसंच मोजायचे. पिंपात पाणी किती आहे म्हटलं तर म्हणायचे, "काठापासून वीतभर खाली." मी म्हणायचे, अहो, पाणी किती आहे ते सांगा, किती नाही ते नको! कप्पाळ माझं. सव्वीस वर्षांत बदल नाही.

पहिला खांब काठाला होता आणि त्याला नदीच्या बाजूने एक लोखंडी कडी होती, मनगटाएवढी जाड. पूर्वी डागडुजीची होडी बांधायला बसवलेली. मी डबा घेऊन गेले की टाचा उंच करून पिशवी त्या कडीला अडकवायची आणि वर हाक मारायची. हे दोरीने ओढून घ्यायचे. कडी आणि बेडचा दगड ह्यांच्यामध्ये दगडांचे नऊ थर होते, एक थर एक फुटाचा. मला कसं ठाऊक? पिशवी वर जाताना मी रोज मोजायचे. दुसरं काय करणार होते तिथे उभी राहून?

सत्त्याण्णव साली पूर आला. ह्यांचा जोडीदार बजरंग मोठ्या लाइनवर गेला होता, हे एकटेच होते. सकाळी मी पिशवी कडीला अडकवून हाक मारली, तर ह्यांचं लक्ष नाही, फोनवर ओरडत होते. पिशवी तशीच ठेवून मी रुळावरून वर खोपटात गेले. बघता बघता पाणी असं चढलं की बाई गं! कोंबड्यांची खुराडी, कोणाचा तरी पलंग, एक अख्खा उंबर, सगळं खालून चाललेलं. दुपारी ह्यांनी टेपला शिसं बांधून खाली सोडलं. बेडपासून सात फूट. सातच्या खाली आकडा गेलाच नाही, म्हणजे पाणी त्याच्या वर चढलंच नाही. बघा, ह्यांचंच बोलणं माझ्या तोंडात बसलंय. कडी दोन फूट पाण्याखाली आणि माझ्या लग्नातला स्टीलचा डबा पिशवीसकट गेला मुंढव्याला.

पाणी उतरल्यावर ह्यांनी रेघ काढली. हीच तिथली पद्धत. दरवर्षीच्या सगळ्यात मोठ्या पाण्याची पांढरी रेघ खांबावर, शेजारी साल, आणि ज्याने मोजलं त्याची अक्षरं. मी बेडच्या दगडावर बसून टेपचं शून्य धरलं, हे शिडीवर उभं राहून सात फुटांवर रंगवत होते. "हलवू नको गं." "नाही हलवत." "हललं तर उद्या कोणाचं तरी घर बुडेल." मी म्हटलं, माझा डबा बुडाला त्याचं काय? तेव्हा हसले. रेघेशेजारी लिहिलं, १९९७, द. र. खाली ह्यांच्या हातच्या आणखी वीसेक रेघा होत्या, ही सगळ्यात वरची. एकसष्टची गोष्ट वेगळी, ती धरण फुटल्याची, ह्यांच्या आधीची.

मग दोन हजार दोनचा मे महिना. वळवाचं वादळ आलं, अर्ध्या तासात पुण्याचे फलक, पत्रे, झाडं सगळं लोळवून गेलं. काठावरचा शंभर वर्षांचा रेन ट्री मुळासकट उपटून गर्डरवर पडला. गर्डरचे बोल्ट चोरांनी आधीच काढून विकले होते, धरून ठेवायला उरलं काय? दोन खांबांमधले असे दोन गाळे नदीत कोसळले. हे गेले, बघून आले, जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गर्डर गेले. खांब उभे आहेत." घरात कोणी वारलं आणि म्हातारी वाचली असं सांगावं, तसं सांगितलं.

पूल पुन्हा बांधायला कोणाला गरजच नव्हती. लोखंड भंगारात गेलं. पुढच्या वर्षी हे निवृत्त झाले. पलीकडे खराडीत तोवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, रात्रंदिवस दिवे जळणाऱ्या. आमची लेक अक्षता त्यातल्याच एका इमारतीत नोकरीला लागली. कंप्युटर इंजिनीअर. आमच्या दोन्ही घराण्यांत टेबलखुर्चीची नोकरी करणारी पहिलीच. पहिल्या पगाराला मला म्हणाली, "मम्मी, आता क्वार्टर नाही, भाड्याची खोली नाही. स्वतःचा फ्लॅट." मी त्या दिवशी देव्हारा नसलेल्या घरात कोणापुढे हात जोडायचे म्हणून बाबासाहेबांपुढे जोडले.

साहेब आमच्या भाड्याच्या खोलीवर आले ते दोन हजार सहा साली. रिक्षाने, पेढे घेऊन. तेही निवृत्त झाले होते, पण रिकामे बसणारे नव्हते. पुलाकडची जमीन ज्या बिल्डरने घेतली त्याचे सल्लागार झाले होते. "दशरथ, तुझा पूल वाचला," म्हणाले. बिल्डर तिथे सेतू रेसिडेन्सी बांधत होता आणि पहिला खांब पाडायचा नाही, बागेत ठेवायचा असं ठरलं होतं. "लोकांना ऐतिहासिक काहीतरी खिडकीतून दिसलं की बरं वाटतं. फक्त दगड घासून साफ केल्यामुळे रेघा गेल्या आहेत. सत्त्याण्णवची तेवढी तू पुन्हा काढून दे. तुझ्याशिवाय कोणाला अधिकार आहे?"

अधिकार हा शब्द ह्यांना तेहेतीस वर्षांत कोणी वापरला नव्हता. हे रात्रभर खुशीत कूस बदलत होते.

आम्ही गेलो तर सगळीकडे पत्रे ठोकलेले. दीड वर्ष त्या जागेत कोणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं. आत मुरमाचा भराव घालून जमीन पार वर आणलेली. खांब बुटका दिसत होता, पण भरावात बुडाला असणार, आणखी काय? नदीकडची बाजू पत्र्याने बंद होती, म्हणून रेघ बागेकडच्या बाजूला काढायची होती. ह्यांनी आधी वर हात फिरवून बघितलं. बेडचा दगड जागेवर. साल जागेवर. मग खिशातून जुनी कापडी टेप काढली. मी स्टुलावर चढून शून्य धरलं. सात फूट खाली म्हणजे जवळजवळ जमिनीला. शिडीवर चढून रंगवणारे हे, त्या दिवशी मांडी घालून बसून रंगवलं. "भरावाने नदी बुटकी करून टाकली की गं," म्हणाले. साहेब शेजारी उभे होते. हसले. द. र. ही अक्षरं ह्यांनी दोनदा गिरवली, आनंदाने. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाला. तो फोटो बिल्डरच्या पुस्तिकेत छापला, खाली मजकूर: सत्त्याण्णवच्या महापुराची रेघ, आणि तिच्याही वर आपलं घर.

अक्षताने तळमजल्याचा फ्लॅट घेतला. बागेला लागून, माझे गुडघे दुखतात म्हणून. साहेबांनी शब्द टाकून तिला सवलत मिळवून दिली. कर्ज वीस वर्षांचं. मैत्रिणी म्हणाल्या, नदीकाठी कशाला? तर ही म्हणाली, "आमची फरशी पप्पांच्या रेघेच्या एक फूट वर आहे. पप्पांची रेघ म्हणजे रेघ." मी स्वतः ऐकलंय. छाती काय फुगली होती माझी.

दोन हजार सातच्या जूनमध्ये राहायला आलो. भन्तेजींनी वंदना घेतली, साहेबांना आग्रहाने बोलावलं होतं, ते आले नाहीत. तब्येत बरी नव्हती म्हणे. पंधरा दिवसांनी नदीकडचे पत्रे काढले. हे संध्याकाळी खांबापाशी बसायला लागले होते, मी चहाचा थर्मास पिशवीत घालून तिथे जायचे. त्या दिवशी पहिल्यांदाच खांबाच्या पलीकडच्या बाजूला गेलो. आणि कडी दिसली! आहे तशी, गंजलेली, आता माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. मला इतका आनंद झाला. जुनी मैत्रीण भेटावी तशी मी पटकन पिशवी तिला अडकवली. मग गंमत म्हणून कोपऱ्यावरून वाकून बागेकडची रेघ बघितली. परत कडी बघितली.

रेघ कडीच्या खाली होती. दोन फूट खाली.

"अहो," मी म्हटलं, "सत्त्याण्णवला कडी बुडाली होती ना? माझा डबा गेला होता ना?"

हे उठले. कडीवर बोट ठेवलं आणि वर थर मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचाच्या वर बेडचा दगड. पुन्हा मोजले. मी पण मोजले. नऊचे पाच झाले होते. कोणीतरी बेड उचलून, खालचे चार थर काढून, बेड परत बसवला होता, सालासकट, सांधे भरून. आणि ह्यांनी आयुष्यभर शिकल्याप्रमाणे वरून मोजलं होतं. जमिनीवर विश्वास ठेवला नाही, दगडावर ठेवला. म्हणजे खरं पाणी कडीच्या वर दोन फूट. आमच्या फरशीच्या वर तीन. अक्षताच्या नव्या कोऱ्या सोफ्याच्या डोक्यावरून.

हे खांबाला वळसा घालून रेघेपाशी गेले. "मी लिहिलंय गं," एवढंच म्हणत राहिले. "द. र. मी लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही शनिवार पेठेत गेलो. साहेबांची तब्येत उत्तम होती. पेपर वाचत होते. आम्हाला बसा म्हणाले, चहाचं विचारलं नाही.

हे म्हणाले, "साहेब, चार थर कमी आहेत."

"वादळात गेले," साहेब म्हणाले. "वादळ काय मी आवरून धरणार होतो?"

"वादळाने बेड उचलला, चार थर काढले, बेड परत जागेवर ठेवला, आणि चुना भरून गेलं?"

साहेबांनी पेपरची घडी घातली. "वरचे दगड ढिले झाले होते. सुरक्षिततेसाठी काढावे लागले. त्यात बेकायदा काय आहे? आणि रेघ कोणी काढली, दशरथ? मी? टेप तुझी, हात तुझा, अक्षरं तुझी. लोकांनी विचारलं तर तुलाच विचारतील."

"तुम्ही शेजारी उभे होता. मी सात फूट मोजत होतो आणि तुम्ही बघत होता."

"तू मोजायच्या आधी विचारलं असतंस, तर सांगितलं असतं."

"विचारायचं नसतं, बेड हलत नाही, हे तुम्हीच शिकवलंत, साहेब." ह्यांचा आवाज चढला. माणूस मारायला आला तरी आवाज न चढवणारे हे. "दुसऱ्या कोणाकडून काढून घ्यायची होती रेघ. माझ्याकडून का?"

"कारण तुझ्यावर लोकांचा विश्वास बसतो," साहेब म्हणाले. अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, लेकीला सवलत मिळाली ती आपण विसरलेल्या दिसता."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पेठेतल्या चार खिडक्या उघडल्या एवढं सांगते. ह्यांनी मला दंडाला धरून खाली आणलं. घरी आल्यावर तो भिंतीवरचा फोटो उतरवला, काच पुसली, आणि कपाटात पालथा ठेवला. फाडला नाही. मी फाडला असता.

आता खरं सांगायचं ते इथून पुढे आहे, आणि ते सांगायला मला जड जातंय.

अक्षताला सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग तिने लॅपटॉप उघडला. आमच्या मुलीचं असंच आहे. तासाभराने म्हणाली, "भांडत बसलो तर दहा वर्षं जातील आणि हप्ते मीच भरणार. विकू या. आत्ता भाव आहे, लगेच जाईल. फक्त, पप्पा, तोपर्यंत कोणाजवळ बोलायचं नाही. प्लीज."

"आणि जो घेईल त्याचं?" ह्यांनी विचारलं.

"पप्पा, आपल्याला कोणी सांगितलं होतं का?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणायला हवं होतं, पोरी, हे बरोबर नाही. मी म्हटलं, "तिचं काय चुकलं? तिचं वय आहे का असं ओझं घेऊन बसायचं? गप्प बसा जरा महिनाभर. सव्वीस वर्षं नदीला सांभाळलंत, आता लेकीला सांभाळा." हे उठून बागेत गेले. त्या दिवशी मला वाटलं, गेले म्हणजे ऐकलं.

तिसऱ्या रविवारी एक जोडपं फ्लॅट बघायला आलं. अभिनव आणि भाग्यश्री, अमरावतीकडचे. दोघंही कंपनीत नोकरीला, वर्षभरापूर्वी लग्न झालेलं, वारज्याला एका खोलीत राहत होते. मुलगी भारी लाघवी. ओट्यावर हात फिरवला, बाग बघून टाळ्या वाजवल्या, म्हणाली तिचे आईबाबा येऊन राहतील, आईलाही जिना चढवत नाही. मी तिला सरबत दिलं. अक्षता कागद दाखवत होती. हे खुर्चीत, भिंतीकडे तोंड.

जाता जाता ती मुलगी ह्यांच्यासमोर थांबली. "काका, नदी इतकी जवळ आहे. पावसाळ्यात इथे पाणी येते का हो?"

अक्षताने मान खाली घातली. ह्यांनी तोंड उघडलं, आणि मला कळलं की हे आता सांगणार. मग मी बोलले. मीच.

"नाही गं बाई," मी म्हटलं. "पाणी कुठलं! ती खांबावरची पांढरी रेघ बघितलीस ना? सत्त्याण्णवची. ह्यांनी स्वतःच्या हाताने काढलीय. सव्वीस वर्षं पुलावर होते हे. ह्यांच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?"

बोलून होईपर्यंत मला समजलं नाही मी काय केलं. साहेबांचंच वाक्य होतं ते, फक्त माझ्या आवाजात. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कोण हे ओळखायला वेळ लागतोय. राग असता तर परवडला असता. मी रागाला सरावलेली बाई आहे. पण राग नव्हता.

हे उठले, चपला घातल्या. त्या दोघांना म्हणाले, "चला, तुम्हाला पूल दाखवतो." त्यांना खांबाच्या पलीकडे घेऊन गेले. मी खिडकीतून बघत होते. ह्यांनी कडीवर हात ठेवला, मग हात वर नेला, दोन फूट. मग आमच्या खिडकीकडे बोट दाखवलं. मुलीने तोंडावर हात ठेवला. अभिनव ह्यांच्या पाया पडायला वाकला, ह्यांनी पडू दिलं नाही. ते दोघं परत आत आले नाहीत, फाटकातूनच गेले.

अक्षता त्या दिवशी खूप बोलली. "तुम्ही माझा विचारच केला नाही," म्हणाली. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. आठ दिवस ती बापाशी बोलली नाही, मग बोलायला लागली, पोटची पोर ती, किती दिवस अबोला धरणार? फ्लॅट विकला गेला नाही. विचारायला येणाऱ्याला हे आधी कडी दाखवतात, मग घर. आम्ही तिथेच राहतो. जून लागला की कागदपत्रं, गादी, टीव्ही दुसऱ्या मजल्यावरच्या सरोजिनीबाईंकडे नेऊन ठेवतो. अजून तरी पाणी आलेलं नाही.

माझ्याशी ह्यांनी अबोला धरला नाही. तेच तर. चहा मागतात, भाजी चांगली झाली म्हणतात, माझ्या गुडघ्याला तेल लावून देतात. त्या रविवारबद्दल एक शब्द नाही. मीच एकदा विषय काढला, "चुकलं माझं." तर म्हणाले, "लेकीसाठी केलंस. जाऊ दे." मी म्हटलं, भांडा की माझ्याशी! हे म्हणाले, "भांडून काय मिळणार?"

त्या रविवारनंतर महिन्याभराने एका सकाळी हे पांढरा रंग आणि ब्रश घेऊन खांबाकडे निघाले. जुनी टेप खिशात. सोसायटीने परवानगी दिली नव्हती, ह्यांनी मागितलीच नव्हती. मी पदर खोचला आणि मागोमाग गेले. इतक्या वर्षांत शून्य मी धरलेलं, दुसरं कोण धरणार? ह्यांनी आधी खोटी रेघ काळ्या रंगाने बुजवली, द. र. सकट. मग पलीकडे गेले. आता वरून मोजायचं नव्हतं, कडीपासून वर दोन फूट मोजायचं होतं. ह्यांनी टेप काढली. मी नेहमीसारखा हात पुढे केला.

टेपच्या टोकाला पितळेचा आकडा असतो. ह्यांनी तो माझ्या हातात दिला नाही. वाकले, कडीत अडकवला, ओढून बघितला.

"मी धरते ना," मी म्हटलं.

"राहू दे," हे म्हणाले. "कडी धरेल."